ऐकलेला सिनेमा

माझ्या सासूबाई सिनेमा ऐकायच्या. पाहायच्या म्हणावं तर दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि टीव्हीवर नायक कुठला नि झाड कुठलं हे त्यांना आवाजावरूनच कळायचं. त्यांना मी आई म्हणते आणि सासऱ्यांना बाबा. माझं माहेर नागपुरातल्या जरीपटक्याकडचं, त्यामुळे बोलण्यात अर्धी हिंदी. सासर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. लग्न होऊन नागपुरातल्याच या घरात आले तेव्हा आईंचं बोलणं मला समजायला आणि माझं बोलणं त्यांना सोसायला साधारण सारखाच वेळ लागला. मी फाटक्या तोंडाची आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे जे झालं त्यात माझी चूक किती होती ते कळणार नाही.

घराची समोरची खोली माझी. तिथे मी ब्लाउज शिवते आणि साड्यांना पिको-फॉल करते. पूर्वी त्याच खोलीत बाबांचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले, आणि दिवसभर खटखट. माझं लग्न व्हायच्या आधीच तो माग बंद पडला. मग बाबांनी एका शाळेत चौकीदारी केली आणि आता तीही सुटली. खड्डा बुजवून वर फरशी टाकली, पण ती जागा अजून थोडी दबलेली आहे. माझं शिलाई मशीन बरोबर तिथेच असतं आणि डावीकडे कलतं. त्याच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली आहे.

दुपारची जेवणं झाली की आतल्या खोलीत टीव्ही सुरू व्हायचा. दक्षिणेकडचे, हिंदीत डब केलेले, प्रेमाचे सिनेमे. मारामारीचे आईंना चालत नसत, कारण त्यात नुसता धाडधूड आवाज आणि कोणी कोणाला मारलं ते कळत नाही. प्रेमाच्या सिनेमात लोक सावकाश बोलतात. बाबा त्याच खोलीत भिंतीला टेकून बसलेले असायचे, पण त्यांची सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत तीन वेळा झोप व्हायची. माझं मशीन जोरात चाललं की आतून आवाज यायचा.

"थांबव वं जराशी तुयी टकटक. तो बोलून राहिला."

मी थांबायची. मग पुढचा प्रश्न.

"आता काय चालू हाय?"

"बर्फ आहे, आई."

"बर्फात काय करून राहिले?"

"गाणं म्हणून राहिले."

"थंडी वाजत नसन का वं तिले?"

"तिला नाही वाजत. पातळ साडी आहे तिची. त्याला वाजते, त्यानं दोन स्वेटर घातले."

असा आमचा कारभार. सिनेमातलं दिसणारं सगळं मी सांगायची आणि ऐकू येणारं सगळं त्यांचं. माझ्या वाट्याला बर्फ, फुलं, मोटारी, ओढण्या आल्या. त्यांच्या वाट्याला काय आलं ते मला खूप उशिरा कळलं. एक दिवस सिनेमा संपला, मी हातशिलाईला ब्लाउज घेऊन आत जाऊन बसले, तर आई म्हणाल्या, "एकतीस येळा."

"काय एकतीस?"

"त्यानं तिचं नाव घेतलं. मी मोजून राहिली होती. रागात चार येळा, रडून सहा येळा, बाकी असंच. काम नसताना."

काम नसताना, हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या तो आवाज मी ऐकला होता, पण कळला नव्हता. मी हसले. म्हटलं, आई, त्याला त्याचे पैसे मिळतात.

मला सिनेमाचा राग आहे आणि त्याला कारण आहे. कॉलेजात असताना आम्ही चौघी मैत्रिणी सीताबर्डीवर जाऊन शुक्रवारचा पहिला खेळ बघायचो. घरी सांगायचं जादा तास आहे. त्या अंधारात बसून मी प्रेमाचं जे काही शिकले ते पक्कं शिकले. माणूस आपल्यावर प्रेम करतो म्हणजे निघून जाताना फाटकाशी थांबून एकदा मागे वळून बघतो. आपण न सांगता त्याला वाढदिवस आठवतो. रागावलो तर तो पावसात उभा राहतो. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला मी संध्याकाळी नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून दारात उभी. नवरा आला. खिशातून पुडी काढून माझ्या हातात दिली. मी डोळे मिटूनच ती उघडली. आत कुकरची रिंग होती. सकाळी मीच म्हटलं होतं, रिंग सैल झाली, वाफ जाते. त्या दिवशी मी इतकी रडले की शेजारची बाई विचारायला आली.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं की सिनेमा म्हणजे बनवाबनवी. आणि जे मला सोसावं लागलं त्याचं तत्त्वज्ञान करून दुसऱ्यांना वाटायची सवय लागली. त्या दिवशीही मी आईंना ऐकवलं, "हे सगळं खोटं असतं, आई. खरं प्रेम बोलून दाखवायचं नसतं."

आईंनी टीव्हीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी मला बघितल्यासारखं वाटलं.

"हे कोण सांगते तुले? ज्याले बोलता येत नाही तोच सांगत असन."

मी सुईत दोरा ओवायला घेतला, तो आधीच ओवलेला होता.

मग मी हळूच विचारलं, "बाबा तुम्हाला काय म्हणतात?"

"तू काय आज आली का घरात? 'ऐकतं का वं' म्हणते."

"आणि आधी? नवीन लग्न झालं तेव्हा?"

"तवा माग म्हणे."

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. बाबा खड्ड्यात बसून विणत. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी घालावी लागते. ती कांडी संपली की दुसरी हवी. कांड्या भरायचं काम बायकांचं. आई आतल्या खोलीत चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या. समोर खटखट चालू असे तोवर आपलं काम चालू. खटखट थांबली की कांडी संपली. मग उठायचं आणि नवी कांडी नेऊन द्यायची. सुताचा धागा तुटला तरी खटखट थांबे, पण ते थांबणं वेगळं. ते त्यांना ऐकूनच कळायचं.

"हाक माराचं कामच पडलं नाही वं," आई म्हणाल्या. "माग थांबला का मी उठे. मंग माग गेला, तं 'ऐकतं का' आलं."

"एकदाही नाव नाही घेतलं?"

"कोणतं नाव?" असं म्हणून त्या थोडं हसल्या. मग मला पहिल्यांदाच समजलं की त्यांची नावं दोन आहेत. माहेर कुहीकडचं, तिथे एक नाव होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांच्या सासऱ्यांनी बाबांना सुनेचं नवं नाव लिहायला लावलं, कारण थोरल्या सुनेचं नाव नेमकं तेच होतं, आणि एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील. नवं नाव रेशनकार्डावर गेलं, मतदानाच्या यादीत गेलं, आधारवर गेलं. तोंडात कोणाच्याच गेलं नाही. मोठ्यांची त्या सून झाल्या, लहानांची वहिनी, मग आई.

"पहिलं नाव काय होतं?" मी विचारलं.

"जाऊ दे. ते तिकडंच राहिलं. बाप गेला, माय गेली, भाऊ बाई म्हणते. आता घेणार कोण?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना साडीच्या निऱ्या नीट करत होत्या, जणू दुसरंच काही बोलतो आहोत. "एक येळ घेतलं असतं त्याइनं, तं मले बरं वाटलं असतं. पहिलं नाही तं दुसरं. कोणतंही. हा टीव्हीतला एवढ्या येळा घेते, आन् त्याचं काही खर्च नाही होत."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईंनी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मागितलं ते हे. मला एकदम भरून आलं आणि भरून आलं की मी काहीतरी करायला धावते. इथेच माझी चूक सुरू झाली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. या घरात तो कधी कोणी केला नव्हता. मी केक आणला, फुगे आणले, शेजारच्या चार बायका बोलावल्या. नवऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभं केलं. तो म्हणाला, "सिनेमानं तुमचं दोघींचं डोकं खराब करून ठेवलं." मी म्हटलं, तू गप बस, रिंगवाल्या. बाबांसाठी मी स्वतः एक उखाणा रचला होता, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला होता, आणि तीन दिवस त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. दोन ओळी ते न चुकता म्हणत. नावाची जागा आली की म्हणत, "तिथं म्हणीन ना त्या दिवशी." मी म्हटलं ठीक आहे.

त्या दिवशी आई हिरव्या साडीत बसल्या. केकवर मेणबत्ती. बायका म्हणाल्या, बाबाजी, नाव घ्या. बाबा उभे राहिले. पहिली ओळ म्हणाले. दुसरी म्हणाले. मग थांबले. आईंनी मान थोडी पुढे केली होती. सिनेमा ऐकताना करायच्या तशी.

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं, कानाची पाळी ओढली आणि म्हणाले, "मोटर चालूच राहिली वाटते. टाकी पाहून येतो."

आणि गच्चीवर निघून गेले.

बायका हसल्या. आईही हसल्या. केक त्यांनी एकटीने कापला, सगळ्यांना वाटला, कोणाच्या ताटलीत जास्त क्रीम गेलं त्याची चौकशी केली. बायका गेल्यावर मी भांडी घासत होते तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"त्याइले मालूम तरी हाय का वं मायं नाव?"

हा प्रश्न मी त्यांच्या मनात घातला होता. तोपर्यंत त्यांना नुसतं ऐकायचं होतं. आता त्यांना भीती वाटत होती की बाबांकडे ते नावच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी टीव्ही लागेना. मी लावून द्यायची, त्या बंद करायच्या. "तुयं काम होऊ दे," म्हणायच्या. मशीन मी मुद्दाम जोरात चालवायची, पण "थांबव वं" कोणी म्हणेना. डोळ्यांच्या ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, "काय पायचं हाय आता?" मला स्वतःचा इतका राग आला की त्या आठवड्यात तीन ब्लाउजच्या बाह्या मी उलट्या लावल्या.

बाबांशी मी भांडले. म्हटलं, एक नाव म्हणायला काय जात होतं? ते खाली मान घालून माझ्या बॉबिनी भरत होते. हे काम ते आपणहून करतात, त्यांच्याइतकी घट्ट बॉबीन मला भरता येत नाही. हातातली बॉबीन त्यांनी पुरी भरली. मग म्हणाले, "तुया कागदावरचं नाव मायाच्यानं नाही म्हणवत." मी म्हटलं, कागदावर तर जागा रिकामी सोडली होती! ते पुन्हा बॉबिनीकडे वळले. मी पाय आपटत आत गेले. ऐकण्यासारखं काही बोलणाऱ्याचं न ऐकणं ही माझी जुनी खोड आहे.

तरी सिनेमाची सवय जात नाही. मला वाटलं, विणकर माणूस आहे, तोंडाने बोलत नाही, पण कुठेतरी काहीतरी विणून ठेवलं असणार. माडीवर बाबांची पत्र्याची पेटी होती. आई-बाबा लग्नाला उमरेडला गेले असताना मी ती उघडली. माझ्या मनात सगळं तयार होतं: तळाशी एक टसरची साडी, करवतीच्या दातांसारखे काठ, आणि पदरात कुठेतरी तिचं नाव विणलेलं. मागून वाजायचं संगीतसुद्धा मला ऐकू येत होतं. पेटीत मागाची एक फणी, दोन धोटे, उंदरांनी कुरतडलेलं सूत आणि विजेची जुनी बिलं निघाली. मी ती सगळी परत होती तशी ठेवली आणि हात धुतले.

शेवटी ऑपरेशनला आई तयार झाल्या त्या वरणामुळे. मीठ समजून त्यांनी वरणात साखर घातली, आणि बाबांनी ते वरण एक शब्द न बोलता दोनदा घेतलं. मी चव घेतली तेव्हा कळलं. आईंना फार लागलं ते. "मले बोलले काहून नाही?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "चांगलं होतं ना." त्या संध्याकाळी आई मला म्हणाल्या, "ने बाई मले दवाखान्यात. रोज गोड वरण कोण खाईन?"

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी असते म्हणून बाबा सकाळीच ऑटोने पुढे गेले आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहिले. मी आईंना स्कूटीवर घेऊन मागून पोचले. तोवर बाबांनी केसपेपर काढून आत दिलासुद्धा होता. आधारकार्ड माझ्या पर्समध्ये होतं, पण मी फार लक्ष दिलं नाही. म्हटलं, नंतर दाखवू. आईंना बाकावर बसवलं. बाबा पाणी प्यायला गेले.

थोड्या वेळाने नर्स दारात आली आणि एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं, आता आडनावासकट. आडनाव आमचंच. मला वाटलं, असेल कोणी, आमच्या आडनावाचे नागपुरात काय कमी आहेत? तिसऱ्यांदा ती ओरडलीच. मी चिडून इकडे तिकडे बघितलं. म्हटलं, कोण आहे ही बया, उठत काहून नाही, आमचा नंबर अडवून राहिली.

माझ्या शेजारी आई उभ्या राहिल्या होत्या.

"आई, बसा. तुम्हाला नाही बोलावलं. दुसरी कोणी आहे."

"मीच हाय," आई म्हणाल्या.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. नर्स म्हणाली, काय आजी, किती वेळची हाका मारून राहिली मी. आई म्हणाल्या, "ऐकलं बाई. पहिल्याच येळी ऐकलं. पण मले वाटलं, असंच ऐकू आलं."

ते नाव मी इथे लिहीत नाही. तीन अक्षरांचं आहे, जुन्या वळणाचं आहे, आणि त्याच्यावर माझा हक्क नाही.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा डोळा करू. ऑपरेशनची तारीख घ्यायला मी आणि बाबा खिडकीशी गेलो. खिडकीतल्या मुलीने आधार मागितलं, केसपेपर शेजारी ठेवला आणि भुवया चढवल्या.

"यात नाव वेगळं आहे. पेशंट कोण आहे नक्की?"

मी तोंड उघडणार होते. बाबा माझ्या पुढे सरकले. त्यांनी खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

"आधारवरचं नाव माया बापानं ठेवलं," ते म्हणाले. "मी हो म्हटलं होतं ते या नावाले."

मुलीने भुवया खाली घेतल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, सिस्टममध्ये तसं नाही चालत. आधारवरचंच घ्यावं लागते." तिने नवा केसपेपर केला. जुना फाडायला हातात घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे बेटा. तो दे इकडं."

व्हरांड्यात मी त्यांना थांबवलं. विचारलं, इतकी वर्षं लक्षात होतं? बाबांनी कानाची पाळी ओढली.

"पाहाले गेलो होतो आमी कुहीले. काकानं पुसलं, नाव काय वं पोरी? तिनं सांगतलं. काकाले ऐकू कमी. मंग तिनं असं जोरात सांगतलं, का अंगणातल्या गाईनं मान वर केली. मले हसू आलं. मी तिथंच हो म्हटलं. मंग लग्नात बापानं ताटात दुसरंच लिवाले लावलं. मी लिवलं. बापापुढं काय बोलतो? पण ते तोंडात नाही बसलं कधी. आन् हे पहिलं घ्याले, तं ते बापानं काढून टाकलेलं." त्यांनी हातातला केसपेपर वर धरला. "मंग कोणतं घेतो सांग?"

तेव्हा मला बॉबिनी भरताना ते काय म्हणाले होते ते कळलं. मी रिकामी जागा सोडली होती खरी, पण त्या जागेत अख्ख्या घराने एकच नाव धरलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोचं नव्हतं.

आम्ही बाकाशी आलो. आईंच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण बाबांची चप्पल त्या ओळखतात.

"एवढ्या लोकाइत नाव सांगतलं जी? लाज नाही वाटली?"

"केसपेपरवाल्या पोरीनं पुसलं. मंग काय सांगू?"

आईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "म्हणजे कोणी पुसाचंच बाकी होतं," त्या म्हणाल्या. बाबांनी जुना केसपेपर त्यांच्या हातात दिला. तो काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. चार घड्या घालून सुपारीच्या बटव्यात ठेवला.

घरी येताना स्कूटीवर माझ्या मागे बसून त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "आज टीव्ही लाव वं."

मी तोवर सिनेमाला खोटा म्हणत आले होते. त्या रात्री अंथरुणावर पडून मला वाटलं, खोटा असेलही, पण त्या खोट्यानेच या बाईंना कळलं की आपल्याला काय मिळायचं राहिलं आहे. मी सिनेमात बघितलं तेवढं मागितलं आणि रिंग मिळाली म्हणून रडले. त्यांनी ऐकलं त्यातलं एकच मागितलं. मला हे कबूल करायला जड जातं, पण त्यांनी माझ्यापेक्षा चांगला सिनेमा पाहिला होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू किती जाडी झाली वं!" मी म्हटलं, आई, पट्टी परत लावू का?

दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे होते. लग्नसराई होती, माझ्यापाशी ब्लाउजांचा ढीग. बाबा म्हणाले, मी टाकतो. तुटलेला धागा नुसत्या चिमटीत वळून जोडणारा हात तो, आता जरा कापतो, पण काम करतो.

तिसऱ्या दिवशीची दुपार. मी स्वयंपाकघरात होते, कुकर लावलेला होता. दारातून आतली खोली दिसत होती. आई खुर्चीत बसल्या होत्या, मान मागे टाकून. बाबा औषधाची बाटली घेऊन समोर वाकले होते.

"वर पाय वं," बाबा म्हणाले.

आईंनी वर पाहिलं नाही. समोर भिंतीकडे बघत राहिल्या.

"अवं, वर पाय ना. थेंब सांडते."

आई हलल्या नाहीत. मला वाटलं, डोळा दुखतो की काय. मी चमचा खाली ठेवून निघणार, तर त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. मान थोडीशी पुढे झाली होती. मी जिथल्या तिथे थांबले.

बाबांनी बाटली खाली घेतली. दाराकडे पाहिलं, मी चटकन बाजूला झाले. मग मी पुन्हा डोकावले तेव्हा ते आईंच्या कानापाशी वाकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

नेमकी तेव्हाच कुकरने शिटी दिली. नवऱ्याने आणलेली ती रिंग, अजून इतकी पक्की की शिटी गल्लीत ऐकू जाते. मला काहीच ऐकू आलं नाही. दोन वर्षं आईंनी सिनेमा नुसता ऐकला होता, आणि हा मला नुसता पाहायला मिळाला.

शिटी थांबली. आईंनी वर पाहिलं होतं.

बाबांचा हात कापला. पहिला थेंब गालावर गेला, आणि दुसरा बरोबर डोळ्यात पडला.